सिग्नलला बंद पडणारी गाडी

आप्पांची जुनी गाडी सिग्नलला बंद पडायची. मग मागच्यांचे हॉर्न, शिव्या आणि आप्पांना फुटलेला घाम. धाकट्या मुलाचं म्हणणं एकच, "गाडीला काही झालेलं नाही, आप्पांचं वय झालंय. चावी काढून घ्या." पण थोरली गॅरेज चालवायची आणि लहानपणापासून बापाच्या बाजूची. तिने सगळं तपासलं, दोष सापडेना. उरला इंजिनाचा कॉम्प्युटर. त्यात नवा प्रोग्राम भरायचं तिने ठरवलं.

काम जोखमीचं. भरताना क्षणभर वीज तुटली तर कॉम्प्युटर कायमचा मुका व्हायचा, आणि इतका जुना आता शोधूनही मिळत नाही. म्हणून तिने आधी मूळ प्रोग्रामची नक्कल करून ठेवली, बॅटरीला चार्जर जोडला, पंखा, रेडिओ, दिवे सगळं बंद केलं. ताक फुंकून पिणाऱ्यातली ती.

"माझी गाडी, ऑपरेशनला मी जवळ हवा," म्हणत आप्पा स्टिअरिंगसमोर बसले.

"बसा. पण दार उघडायचं नाही, कशाला हात लावायचा नाही."

"जशी आज्ञा, डॉक्टरीणबाई."

इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवून, मांडीवर लॅपटॉप घेऊन ती शेजारी बसली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत निम्म्यावर आली. आप्पा समोरच्या भिंतीकडे बघत होते. गाडी उभी राहिली की पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करायचं, ही त्यांची जन्माची सवय. पोरं त्यावरून त्यांना चिक्कू म्हणायची. आताही गाडी उभी होती, पाय ब्रेकवर होता. त्यांचा हात उठला आणि त्याने चावी फिरवली.

डॅशबोर्डवरचे दिवे विझले. पट्टी थांबली.

ती ओरडणार तोच आप्पा वळले. चेहरा नुसता फुलला होता.

"बघितलंस? अश्शीच बंद पडते! आता सांग त्या शहाण्याला!"

हात अजून चावीवरच होता. ती त्या हाताकडे बघत राहिली. कॉम्प्युटरचं तिला आता काही वाटेना. नक्कल होती, खटपट केली तर कदाचित तो पुन्हा बोलता झाला असता. आप्पांसाठी मात्र तिने कसलीच खबरदारी घेतली नव्हती. तिला रडू आलं, ते तिने गिळलं.

"बघितलं, आप्पा." तिने त्यांच्या बोटांखालून चावी अलगद काढून घेतली. "गाडीतच दोष आहे. ती दुरुस्त होईतोवर कुठे जायचं असेल तर मी नेईन तुम्हाला."

"चालेल," आप्पा खुशीत म्हणाले. "पण सिग्नलला इंजिन बंद करत जा हं. पेट्रोल वाचतं."