खुर्च्यांची अदलाबदल

माणसाला दुसऱ्याचा हट्ट कोसावरून दिसतो. स्वतःचा मात्र तो उशाशी घेऊन झोपतो. म्हणूनच लेकीनं बाबांकडून कारखान्याची सूत्रं हाती घेतली तेव्हा पहिला नियम काढला तो खुर्च्यांचा. मोठा निर्णय असेल त्या दिवशी बैठकीत जागा बदलायच्या. ज्याच्या खुर्चीत बसाल त्याची बाजू मांडायची, आणि ती अशी, की तो म्हणाला पाहिजे, "हेच मला म्हणायचं होतं." तोवर सुटका नाही.

"परकायाप्रवेश पुराणात ऐकला होता," तिचा काका म्हणाला होता. "तो चहा-बिस्किटांबरोबर करतात, हे नवीन कळलं."

आज निर्णय मोठा होता आणि बाबांचा जीव टांगणीला लागला होता. कारखाना पंख्यांचा. बाबांनी तो उभा केला तो हातानं तांब्याची तार गुंडाळत, मोटरी भरत. वाइंडिंगची ती खोली म्हणजे त्यांचा देव्हाराच. आपला पंखा आवाज करत नाही, आजाऱ्याच्या खोलीत आणि गाण्याच्या दिवाणखान्यात लोक तोच मागतात, तो या गुंडाळणीमुळेच, अशी त्यांची श्रद्धा. आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे हाच काका, जो विक्री बघायचा, म्हणत होता की मोटरी बाहेरून घ्या आणि खोली बंद करा; एवढी मागणी हातानं पुरी होणार नाही. लेकीचं मनही तिकडेच झुकलेलं आहे, हे बापाच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही काकांच्या खुर्चीत. काका, तुम्ही माझ्या. मी बाबांच्या."

बाबा भावाच्या गुबगुबीत उशीवर टेकले. अंग चोरून म्हणाले, "आता मी माझ्याच पोराचा गळा कापायचा?"

"नीट काप, दादा," भाऊ म्हणाला. "अर्धवट कापलास तर मी 'हेच म्हणायचं होतं' म्हणणार नाही."

बाबांच्या मनात आलं, मोघम काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी. पण खोटं बोलायला जीभ वळेना. जन्मभर खरी तार गुंडाळलेला माणूस. ते बोलू लागले. तरुण माणसं हे काम शिकायला येत नाहीत. गिऱ्हाईक थांबत नाही. मोटर बनवणारे दुसरे पुष्कळ आहेत, आपल्याहून स्वस्त. भाऊ मान डोलवत राहिला.

"पण काकांचं म्हणणं बरोबर ठरायचं असेल," लेकीनं विचारलं, "तर काय खरं असावं लागेल?"

बाबांनी वर छताच्या पंख्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "पंख्याची शांतता मोटरीतून येत नसावी लागेल. दुसरीकडून येत असावी लागेल. पात्यातून, समजा. पातीही आपण इथंच घडवून तोलतो."

"हेच!" भाऊ ओरडला. "हेच मला म्हणायचं होतं, फक्त मला सुचलं नव्हतं!"

लेक हसली नाही. तिनं बापाची बाजू मांडायची होती, ती तिनं जीव तोडून मांडली. खोलीतल्या एकेका माणसाचं नाव घेऊन, बाबांनाही सुचली नसती अशी. बाबांचे डोळे ओले झाले. "हेच," ते पुटपुटले. मग सगळे लेकीच्या खुर्चीत बसलेल्या काकाकडे बघू लागले; निर्णय त्या खुर्चीनं द्यायचा होता. काका घाम पुसत म्हणाला, "ही खुर्ची तापलेली आहे बुवा! बाहेरून बघताना गादी वाटते, बसल्यावर तवा."

"मग तुमच्या वतीनं मी एक करते," लेक म्हणाली. "आपण वाद घालतोय ते शांतता कुठून येते यावर. ते कानांना विचारू."

फिटरनं पडद्यामागे दोन पंखे लावले. एकात घरची मोटर आणि बाजारची पाती. दुसऱ्यात बाजारची मोटर आणि घरची पाती. कुठला कोणता, ते फिटरलाच ठाऊक. बाबांनी डोळे मिटले. पहिला घरघरला. दुसरा नुसता वाऱ्यासारखा.

"दुसऱ्यात माझी मोटर," बाबा ठासून म्हणाले. "यात शंकाच नको."

पडदा सरकला. दुसऱ्यात बाजारची मोटर होती.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. इतकी वर्षं गुण पात्याचा होता, आणि आरती ते तारेची करत होते.

 भाऊसुद्धा जिंकल्यासारखा दिसला नाही. दादाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"थोडं इकडचं, थोडं तिकडचं करू या का?" तोच हळूच म्हणाला. "खोली लहान करून ठेवू."

"नाही काका. ते दया वाटून म्हणताय, विचार करून नाही." ती उठून उभी राहिली. "वाइंडिंग बंद. मोटरी बाहेरून. तिथली सगळी माणसं पाती तोलायच्या कामाला. ज्यांचे हात तार ओळखतात, ते पातंही ओळखतील. आपली खरी विद्या तिथं आहे, ती आता वाढवायची."

बाबा उठले. "मी सांगतो त्यांना. माझी माणसं आहेत. माझ्या तोंडून सोपं जाईल."

"सोपं जाईल म्हणूनच नको, बाबा. उद्या हे चुकलं, तर त्यांना बोट दाखवायला मी हवी."

ती पुढे निघाली, बाबा मागे. खोलीत तांब्याचा ओळखीचा वास होता. ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि एकही शब्द गुळात न घोळता सांगितलं. सर्वांत जुन्या कारागिरानं तिच्या डोक्यावरून बाबांकडे पाहिलं.

"मालक, हे तुमच्या मर्जीनं?"

बाबा पुढे येऊन लेकीच्या शेजारी उभे राहिले.

"माझ्या मर्जीविरुद्ध होतं," ते म्हणाले. "पण ती बरोबर आहे. आणि मालक आता ती आहे, तिलाच विचारा."