सराचा हात बर्फात

मले चंद्रशेखर सराचा हात बर्फाच्या पाण्यात पायजे होता. माफी नको, सत्कार नको, काही नको. हात. तोही चार लोकांसमोर.

मी ममता, मारेगावची. यवतमाळले आमच्या विद्यापीठाच्या केंद्रात वेदनेवर संशोधन करते. शरीराची राखण करणारी यंत्रणाच कधी कधी उलटते अन् आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. असा सांधेवात माणसाले किती छळते, काहून छळते, हे शोधायचं आमचं काम. चंद्रशेखर सर केंद्राचे प्रमुख. एक नवीन औषध आलं होतं, अन् ज्याईच्या वेदना जास्त त्याईलेच ते द्यायचं, असं ठरलं होतं. वेदना मोजायची रीत म्हणजे टब. टबात बर्फाचं पाणी, त्यात मनगटापर्यंत हात घालायचा, अन् सोसवेना झालं का काढायचा; ठरलेली वेळ संपली का चाचणी संपली. लवकर काढला तर वेदना जास्त, उशिरा काढला तर कमी. सर मात्र दर वेळी स्वतः समोर खुर्ची टाकून बसायचे. नजर हातावर, तोंड गप्प.

माझी माय मथुराबाई माझ्याजवळच राहते. सांधेवातानं तिची बोटं वाकडी झाली. जन्मभर कापूस वेचला त्या हातानं, आता भाकर थापता येत नाही. सकाळी तिच्या ब्लाउजचे हूक मी लावून देते, तवा ती तोंड फिरवून उभी राहते. लाज वाटते तिले. ते औषध मायले मिळालंच पायजे होतं.

घरचा माणूस आत चालत नाही, म्हणून तिच्या चाचणीले मी बाहेर थांबली. सर बाहेर आले ते हसतच.

"तुझी आई ग्रेट आहे गं! शेवटपर्यंत हात काढला नाही. वेदना जवळजवळ शून्य. तिला या औषधाची गरज नाही."

कँटीनमध्ये मायचा हात पाह्यला. लालजांभळा. चहाचा कप धरता येईना. मी बशीत ओतून तिच्या तोंडाले लावला.

"काहून काढला नाही हात?"

"साहेब समोर बसले होते ना, बाई. त्याईनं मान नाई हालवली. मंग मी कशी काढू? मोठ्या मानसासमोरून असं मनानंच उठून जाता येते का?"

"पण दुखत होतं का?"

"जीव जाऊन राह्यला होता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच सराच्या केबिनमध्ये शिरली अन् सगळं सांगतलं. सर चष्मा पुसत राहिले.

"ममता, भावना मध्ये आणू नकोस. तुझी आई एकटी नाही. मारेगावच्या, पांढरकवड्याच्या सगळ्या बायका अशाच बसतात. माझा लेख त्यावरच तर आहे. यांच्यात सहनशक्ती उपजतच असते."

यांच्यात म्हणजे कोणात, हे सर बोलले नाहीत. मले बरोबर समजलं. मीबी त्यातलीच ना! मनात म्हणलं, थांबा सर, तुमची सहनशक्ती पाहतेच मी आता.

काही दिवसांनी विद्यापीठाची समिती केंद्र पाहायले येणार होती. समितीच्या प्रमुख शीला मॅडम, लय कडक बाई. सराले त्याईच्यासमोर मिरवायचं होतं. मी गोड तोंड करून म्हणलं, "सर, आपल्या अभ्यासातल्या बायाईलेही बोलवू ना. त्या तुमचा सत्कार करतील." हारतुरे म्हणलं का सराच्या तोंडाले पाणी सुटते. लगेच हो म्हणले.

घरी मायले सगळं सांगतलं. सर काय बोलले तेही सांगतलं. ती बोटं चोळत बसली.

"मले काय करा लागन?"

"सराच्या समोरच्या खुर्चीत बसायचं. अन् मान हलवायची नाही."

"बस, एवढंच?" माय म्हणली. "हे तं सायबानंच शिकवलं मले."

समिती आली. हार झाले, भाषण झालं. सर म्हणले, "या भगिनी शेवटपर्यंत हात काढत नाहीत. वेदनेची जाणीवच कमी!" बाया एकमेकींकडे पाहायले लागल्या. मी उठली.

"मॅडम, आमच्या केंद्राची एक रीत आहे. जो दुसऱ्याचा हात पाण्यात घालते, त्यानं आधी स्वतःचा घालायचा. आज सर करून दाखवतील."

रीत खरीच होती. पाहुणे आले का सर हात घालायचे, 'आई गं' करून लगेच काढायचे, अन् सगळे हसायचे. त्या दिवशीही त्याईनं हसतच बाही वर केली. माझ्यासोबत काम करणाऱ्या आभानं टबात बर्फ ओतला. सरानं हात घातला, अन् समोरच्या खुर्चीत माय येऊन बसली. बाकी बाया तिच्या मागं उभ्या राहिल्या.

सराचं हसू तिथंच अडकलं. या बाया शेवटपर्यंत हात काढत नाहीत, हे आत्ताच तर सांगून झालं होतं. आता त्याईच्यासमोर आपण लगेच काढायचा कसा?

नाहीच काढला. पहिले ओठ आवळले. मंग कपाळावर घाम आला. मंग खुर्चीखाली पाय हलायले लागला. घडीघडी मायकडे पाहून राह्यले होते, तिनं मान हलवावी म्हणून. माय ढिम्म. मले इतकं गोड वाटून राह्यलं होतं का काय सांगू! हाव, गोड. खोटं कायले बोलू?

शीला मॅडमनं विचारलं, "सर, दुखतंय का?"

"छे! काहीच नाही." आवाज चिरकला होता.

मी आभाले मोठ्यानं म्हणलं, "लिही. वेदना नाही."

माय पुढं वाकली. "अजून थोडं, साहेब. तुमच्यात सहनशक्ती उपजतच असन."

मागच्या बाया फिस्सकन हसल्या. सरानं हात बाहेर ओढला, अर्धं पाणी शर्टावर. हात मायच्या हातासारखाच लालजांभळा. त्याईनं बाही खाली केली, पण बटन लावता येईना. बोटं वळतच नव्हती. सगळी समिती पाहून राह्यली होती. मी पुढं गेली अन् रोज मायचे हूक लावते तसं सराचं बटन लावलं.

"दुखते का, सर?"

"हो." हळूच म्हणले.

"मोठ्यानं, सर. मॅडमले ऐकू नाही गेलं."

"हो! दुखतंय!"

शीला मॅडमनं पेन खाली ठेवलं. "मग आत्ता 'काहीच नाही' कोण म्हणालं? आणि या बायकांची वेदना तुम्ही अशीच मोजली?" मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांची चाचणी पुन्हा घ्या. समोर कोणीही बसायचं नाही. तोवर तो लेख कुठे पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर मायचा. मी दाराबाहेर, अन् बाजूच्या केबिनमध्ये सर, दार उघडं. जाता जाता मायच्या कानात म्हणलं, "दुखलं का सोसू नको. शिवी दे अन् काढ."

समोर खुर्चीच नव्हती. पाण्यात हात गेला न गेला तोच मायनं सराच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला का आभाच्या हातातलं घड्याळ खाली पडलं. तसल्या शिव्या मायले येतात, हे मलेबी माहीत नव्हतं. आभा दारात येऊन म्हणली, "ममता, वेदना खूपच जास्त. आई औषधाच्या यादीत बसली!" मी भिंतीले टेकली अन् रडली.

तेवढ्यात केबिनमध्ये खुर्ची सरकली. सर दार लावून घ्यायले उठले होते.

"उघडंच राहू द्या, सर," मी डोळे पुसत म्हणलं. "अजून बाया बाकी आहेत."