लिफ्टखालचं पाणी

सुकेशनीने लिफ्टच्या खड्ड्यातलं उरलंसुरलं पाणी मगाने बादलीत भरलं आणि ओल्या भिंतीवर तळहात टेकवला. कोपऱ्यातल्या चिरेतून बारीक धार पुन्हा सुरू झाली होती.

"दोनदा गिलावा केला, तरी तेच," वरून सोसायटीचे अध्यक्ष दिनकरराव म्हणाले. "जमिनीचं पाणी हाय ते. थापून टाक अन् लिफ्ट चालू होऊ दे."

"आठ दिवसांत पुन्हा गळंल, काका. पाणी कुठून यायलंय ते कळल्याबिगर मी थापणार न्हाई."

चुडाव्याहून रोज रेल्वेने येणारी ही मिस्त्रीण परभणीत गच्च्यांची, टाक्यांची गळती काढायची. लिफ्टचा खड्डा पहिलाच. काम घेण्याआधी ती चौथ्या मजल्यावरच्या पार्वतीबाईंना भेटली होती. मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांना दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघं जिना उतरत.

"लोकं बघतेत," त्या म्हणाल्या होत्या. "लय लाज वाटती, बाई."

सुकेशनीने कपड्यांची नीळ आणली. तळमजल्यावर तीन घरं. सोमवारी एका मोरीत नीळ ओतली, मंगळवारी दुसरीत. खड्ड्यातलं पाणी नितळच. बुधवारी ती दिनकररावांच्या दारात उभी राहिली.

"वत, वत," ते हसले. "होऊ दे तुझी खात्री."

दुपारी धार निळी झाली.

दिनकरराव काठावरून वाकून बघतच राहिले. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. खड्ड्यात उभ्या सुकेशनीने निळ्या धारेवर धरलेली बॅटरी बंद केली.

"फरशीखाली तुमच्या मोरीचा पाइप फुटलाय," ती हळूच म्हणाली. "बदलून घ्या. चीर मी बुजवते."

"सापडलं का काही?" जिन्यातून आलेल्या, वरच्या मजल्यावरच्या आबासाहेबांनी विचारलं.

सुकेशनी बादली सरकवू लागली. दिनकररावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"सापडलं," ते म्हणाले. "माझ्याच मोरीचं पाणी हाय."

"मग लिफ्ट चालू होणार म्हणून पार्वतीबाईंना सांगू का?"

"उद्या खड्डा कोरडा दिसला की सांगा," खालून सुकेशनी म्हणाली.

दिनकररावांनी चपला काढल्या आणि काठ धरत ते शिडी उतरले. तिने आपले जास्तीचे रबरी हातमोजे त्यांना दिले, चिरेत झटपट घट्ट होणारं सिमेंट कोंबलं.

"दाबून धरा. गरम लागंल, पण सोडायचं न्हाई."

धार बारीक झाली. मग थांबली.

"सोडा आता, काका."

दिनकररावांनी हात काढले नाहीत.