दाजींचा चष्मा आणि माझी चक्कर

मला आयुष्यात एकदाही चक्कर आलेली नाही. उपाशीपोटी नाही, उन्हात नाही, रक्त बघूनसुद्धा नाही. तरी बावीस वर्षांत मी तीनेकशे वेळा चक्कर येऊन पडलो, आणि तेही चार मोठी माणसं बघत असताना. चूक कुणाची? दाजींची. आता ते निवृत्त झालेत, म्हणून मी मोकळेपणी बोलतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशाने वकील. माझं शिक्षण अर्ध्यावर लटकलं तेव्हा ताईने मला त्यांच्या गळ्यात बांधलं. म्हणाली, "याला कारकून करा, घरात बसून माझं डोकं खातोय." दाजी बोलायला फर्डे, पण कागद वाचायचा भारी कंटाळा. एकदा खटला पुकारला, दाजी ऐटीत उभे राहिले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कुणाच्या बाजूने आहोत हेच आपल्याला माहीत नाही! न्यायाधीश वाट बघतायत. दाजींनी घाबरून चष्मा काढला आणि कोटाच्या टोकाला पुसायला लागले. त्यांना फाइल द्यावी म्हणून मी मागून लगबगीने उठलो, तो बाकात पाय अडकून धाडकन आडवा.

"अरेरे, आधी तुमच्या कारकुनाकडे बघा," न्यायाधीश म्हणाले. "पुढची तारीख घ्या."

झालं! दाजींचा हर्ष मनात मावेना. त्या दिवसापासून आमचं ठरलं, दाजींनी चष्मा काढून पुसला की मी पडायचं. मीही मन लावून शिकलो. आधी गुडघे सोडायचे, मग खांदा टेकवायचा, डोकं सगळ्यात शेवटी. पुढे पुढे तर विचारही करावा लागेना. एकदा घरी दाजी पेपर वाचता वाचता काच पुसायला गेले, आणि मी हातातल्या तांब्यासकट स्वयंपाकघरात आडवा. ताईने दोघांनाही फैलावर घेतलं.

दाजी एकही खटला हरत नाहीत अशी ख्याती झाली. हरणार कुठून, एकही संपला नव्हता. अशा माणसाला राजकारणात मागणी असते. दाजी निवडून आले, बांधकाम मंत्री झाले, आणि मी त्यांचा स्वीय सहायक. विरोधक विचारायचे, "मंत्रिमहोदय, कागदावरचा पूल नदीवर का दिसत नाही?" की उतरला चष्मा. की मी अधिकाऱ्यांच्या बाकांवरून खाली. पाणी आणा, वारा घाला, सभागृह तहकूब.

दाजींची भरभराट झाली हो, पण माझं काय? माझं लग्न राहिलं ना! स्थळं यायची, चौकशी करायची आणि जी जायची ती कायमची जायची. "मुलगा गुणी आहे, पण पडतो." खरं सांगावं तर दाजींची खुर्ची जाते, न सांगावं तर मुलगी जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! असा मी बेचाळीस वर्षांचा झालो.

पुढे पक्षालाही दाजी नकोसे झाले. नकोशा माणसाला घरात ठेवता येत नाही आणि हाकलताही येत नाही, म्हणून त्याला राजदूत करतात. आमची रवानगी शेजारच्या देशात झाली. तिथली भाषा आपल्यासारखीच, फक्त शिव्या वेगळ्या. काम काय, तर नदीच्या पाण्याच्या करारावर बोलणी करायची आणि सही होऊ द्यायची नाही. दाजींइतका लायक माणूस अख्ख्या देशात नव्हता.

पहिल्याच बैठकीत तिथल्या मंत्र्याने दाजींपुढे पेन सरकवलं. चष्मा उतरला. मी गालिच्यावर. त्यांच्या खात्याच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या, माझं मनगट धरलं आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "नाडी बहात्तर. माझी याहून वाईट असते. पापण्या मात्र हलतायत, तेवढं सुधारा." मग उठून सगळ्यांना गंभीरपणे सांगितलं, "दोन दिवस विश्रांती."

बावीस वर्षांत मला पकडणारी ही पहिली. मी तिथेच, गालिच्यावर, तिच्या प्रेमात पडलो. त्या वर्षात मी सतरा वेळा कोसळलो, आणि त्यातल्या पाच वेळा दाजींनी चष्म्याला हातही लावला नव्हता.

शेवटी तीच म्हणाली, "आता उभ्याने भेटू या." तिच्या घरी फक्त वडील. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी एकच अट घातली. "माझी बायको आजारपणात गेली. मुलीने आयुष्यभर नवऱ्याची नाडी धरून बसावं, हे मला बघवणार नाही. तुमच्या घरच्या थोरल्यांना घेऊन या. तासभर बसा. पडलात, तर विषय संपला."

जाताना गाडीत मी दाजींचे पाय धरले. "दाजी, जीव गेला तरी चष्म्याला हात लावू नका."

"वेडा की खुळा? तुझं लग्न ते माझं लग्न," दाजी म्हणाले.

मुख्याध्यापकांची बैठकीची खोली लहान होती. चार ताठ पाठीच्या खुर्च्या, एक कपाट आणि कोपऱ्यात कोट अडकवायचा खुंटाळा. मी उभाच राहिलो, बसलो तर उठताना तोल गेल्याचा संशय नको. चहा आला. दाजींनी कप तोंडाला लावला आणि वाफेने चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याफेक झाल्या. त्यांचा हात वर गेला. मी खोकलो. हात खाली आला. पुढची दहा मिनिटं त्या भल्या माणसाने माझे गुण खुंटाळ्याला सांगितले.

"मी इकडे बसलोय," मुख्याध्यापक म्हणाले. "आणि चाळीस वर्षं मी मुलांच्या आजारपणाच्या खोट्या चिठ्ठ्या वाचल्यात, तेव्हा सरळ सांगा. या माणसाला नेमकं काय होतं?"

अशा प्रश्नाला दाजींनी जन्मात उत्तर दिलं नव्हतं. हात पुन्हा चष्म्याकडे निघाला, काडीपर्यंत गेला. संपलं, म्हटलं.

हात परत मांडीवर आला. "काही होत नाही," दाजी म्हणाले. "ठणठणीत आहे तो. मला उत्तर सुचत नाही, म्हणून तो पडतो. वकील होतो तेव्हा पडला, मंत्री झालो तेव्हा पडला, इथेही पडतो. माझी सगळी कारकीर्द या पोराच्या गुडघ्यांवर उभी आहे, साहेब. त्याचं लग्न मीच मोडलं. दरवेळी." आणि त्यांचा आवाज फुटला, डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्यांनी चष्मा काढला.

माझे गुडघे गेले. देवाशप्पथ सांगतो, मी गुडघ्यांना थांबवत होतो, पण ते कसले ऐकतात!

मी जमिनीवर पोचलोच नाही. दाजींनी खुर्ची लाथाडून माझ्या दोन्ही काखांत हात घालून मला धरलं होतं. तीनशे वेळा मी पडलो, एकदाही त्यांनी धरलं नव्हतं, कारण त्यांना समोर न्यायाधीशांकडे बघायचं असायचं. आज चष्मा हातात, समोरचं धड दिसत नव्हतं, तरी बरोबर धरलं. मला रडूच आलं.

"आता हे काय?" मुख्याध्यापक उठून उभे राहिले.

"सवय, बाबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. "नाडी एकशे दहा. हे मात्र खरं आहे."

मुख्याध्यापकांनी कपाटावरचं कॅलेंडर काढून दाजींच्या हातात दिलं. "बोला वकीलसाहेब, तारीख कोणती धरायची?"

दाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "जवळातली जवळची द्या," म्हणाले.