सोंगाडी गाठ

हात टबात उताणा पडला होता आणि त्याच्या नखांत निळा रंग होता.

"मॅडम, रंग काढायचा का हो?" लॅबकाकांनी विचारलं. कापलेलं काय काय या माणसाने जन्मभर हाताळलं होतं, पण आज तो टबाकडे सरळ बघत नव्हता. "नेलपॉलिश नाहीये. ऑइलपेंट आहे. टर्पेंटाइनशिवाय जायचा नाही."

"राहू द्या, काका. रंगाने आपलं काय अडलंय?"

या मॅडमना सगळं हॉस्पिटल पाठीमागे भिंगबाई म्हणायचं. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. डॉक्टर असून पेशंटचं तोंड न बघणारी अशी ही एक जात असते. पेशंट वर वॉर्डात, आणि त्याच्या गाठीचा नखाएवढा तुकडा खाली तळघरात, हिच्या मायक्रोस्कोपखाली. तो साधा की कॅन्सरचा, एवढंच हिने सांगायचं. एवढंच! पण त्या एवढ्यावर वर कुणाचं पोट उघडलं जायचं आणि कुणी नाचत घरी जायचं. या कामात भिंगबाईचं लग्न राहून गेलं, केस पिकले, मानेला पट्टा आला. चुकणं मात्र तिला ठाऊक नव्हतं.

त्यातून सोंगाड्या गाठी म्हणजे तिचा हातखंडा. काही गाठी साध्या असून कॅन्सरचं सोंग आणतात, काही कॅन्सर साधूचं. शिकायला येणाऱ्या पोरांना ती बजावायची, "सोंगाला भुलू नका रे. चौकशी करा. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी द्याल." पोरं हसायची आणि परीक्षेत तेच लिहून यायची.

टबातला हात साइनबोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरच्या पोरीचा होता. एकोणीस वर्षांची पोर. उजव्या दंडात गाठ आली, बघता बघता वाढली, बोटांना मुंग्या यायला लागल्या. सर्जनने गाठीच्या मधला तुकडा काढून खाली पाठवला. भिंगबाईने पाहिलं तर पेशींची नुसती झुंबड, एकीचा दुसरीशी मेळ नाही, आणि त्यात कच्च्या हाडाचे धागे. हाडं तयार करणारा कॅन्सर, आणि तोही मांसात. क्वचित दिसणारा आणि भारी वाईट.

तरी तिने फोन उचलला होता. कारण हुबेहूब हेच सोंग आणणारी एक गाठ असते. स्नायूला जबर मार बसतो, आत रक्त साकळतं आणि शरीर वेड्यासारखं तिथे हाड बांधायला घेतं. सुरुवातीला भयंकर दिसतं. पुढे काही महिन्यांत आपोआप निवतं. तिला सुरी लावायची नसते, वाट बघायची असते.

"मार लागला होता का तिला?" तिने सर्जनला विचारलं.

"तिलाही विचारलं, बापालाही विचारलं. दोघं नाही म्हणतात."

"काठावरचा एक तुकडा पाठवतोस?"

"अगं, पुन्हा कधी चिरू? गाठीने नस आवळलीये. हात बधिर होत चाललाय, एक्स-रेत धड काही कळत नाही. पसरली म्हणजे पोर जाईल हातची. तुला काय दिसतंय ते सांग ना."

तिला कॅन्सर दिसत होता. तिने तसं लिहिलं आणि खाली सही केली. त्या सहीवर आज हा हात खाली आला होता, खांद्यापासून.

तिने दंड कुशीवर वळवला आणि लांब सुरी गाठीत घातली. सुरी काठाला करकरली. मग आत गेली तसं मऊ लागलं, आणि पलीकडच्या काठाला ती पुन्हा करकरली.

भिंगबाई थांबली. गाठीचे दोन भाग तिने बाजूला केले. सगळीकडून पक्क्या हाडाचं पातळ कवच, अंड्याचं असतं तसं, आणि आत लालसर गर. खरा कॅन्सर असता तर उलट असतं. काठावर धिंगाणा असता आणि तो आजूबाजूच्या मांसात घुसला असता. इथे धिंगाणा आत होता आणि काठाला शिस्त होती. वर्षानुवर्षं ती हेच चित्र फळ्यावर खडूने काढून दाखवत आली होती.

"काय झालं, मॅडम?"

"काका, खुर्ची द्या जरा."

काकांनी स्टूल सरकवलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच टबाकडे नीट पाहिलं. "साधी निघाली?"

"साधी दिसतेय."

"मग हात...?" ते म्हणाले. उगाच जाऊन नळ सोडून आले.

पण डोळ्याने पाहिलेलं पुरत नाही. गाठीतलं हाड ॲसिडात मऊ करायचं, त्याचे पातळ काप काढायचे, मग मायक्रोस्कोप. यात बरेच दिवस जातात. ते दिवस भिंगबाईने आशेवर काढले. आणि आशा कसली, तर कॅन्सर निघावा ही! कुठेतरी, एखाद्या कोपऱ्यात, थोडासा तरी. एकोणीस वर्षांच्या पोरीला कॅन्सर असू दे म्हणून ती जिन्यात, बसमध्ये, आंघोळीच्या वेळी विनवत होती. कुणाला, ते तिलाही माहीत नव्हतं. स्वतःची इतकी किळस तिला कधीच आली नव्हती.

घरी ती आणि तिची वहिनी, दोघीच. भाऊ गेल्यापासून दोघी एकमेकींना धरून होत्या. वहिनीने तिच्यापुढचं ताट तसंच पडलेलं बघितलं आणि म्हणाली, "वन्सं, आज परत कुणाची गाठ घरी घेऊन आलात?"

भिंगबाईने सगळं सांगितलं. वहिनीने पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"सांगणार त्यांना?"

"सांगायलाच हवं ना."

"रागवू नका, एक विचारते. तुम्हाला त्यांना सांगायचंय, की तुम्हाला मोकळं व्हायचंय?"

भिंगबाई पानावरून उठली. ताट झाकून ठेवलं गेलं.

काप तयार झाले. तिने ते एकदा पाहिले, परत पाहिले, दिवा बदलून पाहिले. कॅन्सर नव्हता. कुठेही, कणभरही नव्हता.

सर्जनच्या खोलीत तिने दार लावून घेतलं आणि सांगितलं.  टेबलावरचा पेपरवेट त्याने नुसता फिरवत ठेवला.

"सोमवारपासून तिला कॅन्सरची औषधं सुरू करायचीयत," तो म्हणाला.

"म्हणून तर धावत आले."

"औषधं थांबवतो. सांगू, गाठ मुळासकट निघाली, आता काही नको. बाप आनंदाने वेडा होईल. तू रिपोर्ट जरा मोघम लिही, झालं."

"मोघम लिहायला मी काय राशिभविष्य लिहिते?"

"अगं, हात आता परत येणार आहे का? गेला तो गेला. आपण दोघंही बुडू, आणि त्यांना काय मिळणार?"

"ते त्यांनी ठरवायचं. मी लिहिलंय, आधीचं निदान चुकलं म्हणून. सही केलीये." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "तू बुडणार नाहीस. कापलं तू, पण सांगितलं मी."

जिने चढून ती वॉर्डात गेली. इतक्या वर्षांत ती इथे किती वेळा आली असेल? बोटांवर मोजण्याइतकी. एका नर्सने तर तिला नातेवाईक समजून भेटण्याची वेळ सांगितली.

पोर खिडकीजवळच्या कॉटवर होती. मांडीवर जुनं कॅलेंडर उलटं टाकून डाव्या हाताने पेन्सिलीने अक्षरं गिरवत होती. अक्षरं सगळी एका बाजूला कलली होती. उजवी रिकामी बाही दुमडून पिनेने टाचलेली.

"बाबा औषधं आणायला गेलेत," ती म्हणाली. "तुम्ही?"

"मी खाली असते. तळघरात. गाठी तपासते."

"अय्या, म्हणजे तुम्हीच शोधलात ना ते! बाबांना भेटायचंय तुम्हाला. रोज म्हणतात, त्या बाईंचे आभार मानायचे राहिलेत." ती सरकून बसली. "बसा ना."

भिंगबाई उभीच राहिली. "एक विचारते. खरं सांगशील? दंडावर मार बसला होता ना तुझ्या?"

पोरीने दाराकडे पाहिलं. "कोण म्हणालं?"

"गाठीत दिसलं मला."

"हेही दिसतं?" पेन्सिल तिने खाली ठेवली. "माझ्याकडून डबा सांडला. निळ्याचा. तयार बोर्डावर, दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. बाबांच्या हातात शिडीची फळी होती. एकदाच हो! एरवी कधी बोटसुद्धा लावत नाहीत. त्यांचे हात थरथरायला लागलेत, अक्षर सरळ येत नाही. म्हणून अक्षरं मी काढायचे आणि पैसे घ्यायला ते जायचे. आपल्या हातून होत नाही याचा राग असतो त्यांना, माझ्यावर नसतो. सर्जन साहेबांनी विचारलं तेव्हा बाबांचं तोंड एवढंसं झालं. ते नाही म्हणाले. मग मीही नाही म्हटलं." जरा थांबून तिने विचारलं, "माराचा आणि कॅन्सरचा काही संबंध असतो का?"

जिना चढताना भिंगबाईने चार वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

"तो कॅन्सर नव्हता, बाळा. माराचीच गाठ होती. वाट बघितली असती तर बसली असती. माझं चुकलं."

वॉर्डात कुणाचं तरी भांडं पडलं आणि घरंगळत गेलं. पोरीने मांडीवरचं कॅलेंडर बाजूला सारलं.

"म्हणजे हात राहिला असता?"

"हो."

"आणि मी तेव्हा हो म्हटलं असतं तर? मार लागला म्हणून?"

हा प्रश्न येईल हे भिंगबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. याचं खरं उत्तर तिला चांगलं माहीत होतं. पोर हो म्हणाली असती तर भिंगबाई थांबली असती, तिने दुसरा तुकडा मागून घेतला असता, सर्जनशी भांडली असती, आणि हा हात आज अक्षरं काढत असता.

"तरीही चुकलंच असतं माझं," ती म्हणाली. "तुझ्या हो-नाहीने काही फरक पडला नसता."

मोघम लिही म्हटल्यावर जिची जीभ सर्जनपुढे कडाडली होती, ती बाई धडधडीत खोटं बोलली. पोर तिच्याकडे टक लावून बघत राहिली. तिला पटलं की नाही, हे भिंगबाईला पुढेही कधी कळलं नाही.

"मी तुम्हाला माफबिफ करणार नाही," पोर म्हणाली.

"नको करूस."

"पण बाबांना सांगायचं नाही. अजिबात नाही. ते दिसेल त्याला सांगतात, हात गेला पण पोर वाचली. त्यावरच दोन घास खातात ते. हे कळलं ना, तर ते..."  तिने डोळे पुसायला उजवा खांदा उचलला, आणि मग डावा हात वर नेला.

भिंगबाईने रिपोर्टचा कागद तिच्यासमोर धरला. "हा तुझा आहे. खरं काय ते सगळं आहे यात. कुणाला दाखवायचा, माझ्यावर दावा लावायचा, ते तू ठरव. मी ना म्हणणार नाही."

पोरीने कागद एका हाताने कसाबसा दुमडला आणि उशीखाली सारला.

तेवढ्यात बाप आला. पिशवी खांद्याला, शर्टावर वाळलेले रंगाचे शिंतोडे. पोरीने ओळख करून दिली तशी त्याने पिशवी खाली टाकली आणि भिंगबाईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ते दोन्ही हात थरथरत होते.

"बाई, तुम्ही होतात म्हणून हो! शेजारचे म्हणत होते, थांबून बघा थोडे दिवस, आपोआप बसेल. मी म्हटलं, छे, विषाची परीक्षा कशाला घ्यायची? डॉक्टर सांगतात ते करायचं. बरं केलं ना मी?"

भिंगबाईने पोरीकडे पाहिलं. पोर तिच्याकडेच बघत होती.

"बरं केलंत," भिंगबाई म्हणाली. "आता पुढची औषधंसुद्धा नकोत. घरी न्या तिला."

बाप लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. तिचा हात काही त्याने सोडला नाही, आणि तिने सोडवून घेतला नाही. यापेक्षा त्याने फळीने मारलं असतं तर बरं, असं तिला वाटत होतं.

दुपारी दोघांना घरी सोडलं. भिंगबाई तळघराच्या जिन्यापाशी उभी होती. लांबलचक व्हरांड्यातून बापलेक निघाली. बाहेर रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती. दाराशी पोचताच बाप सवयीने पोरीच्या उजव्या बाजूला झाला आणि रस्ता ओलांडताना धरतात तसा तिचा हात धरायला त्याने हात पुढे केला. तो टाचलेल्या बाहीवर गेला. क्षणभर तो गोंधळला. मग त्याने ती बाहीच मुठीत घट्ट धरली, आणि पोरीने ती धरू दिली.