काचेवरचा उजेड

मी एका छोट्या विमानातली एलईडी दिव्यांची पट्टी बोलतेय. वैमानिकासमोर वेग, उंची, इंधन दाखवणाऱ्या तबकड्या असतात ना, त्यांच्या अगदी वर मी चिकटलेली आहे. संध्याकाळ व्हायला लागली की मला धास्ती वाटते, हे आधीच सांगून टाकते.

माझ्याआधी इथे चार लाल बल्ब होते. दोन गेलेले, उरलेले दोन मरणपंथाला लागलेले. विमान चालवणारी ताई डोळे बारीक करकरून काटे वाचायची. तिच्या मेकॅनिक भावाला ते बघवेना, म्हणून त्याने मला आणलं. भर दुपारी, हँगरची, म्हणजे विमान ठेवायच्या शेडची, दारं सताड उघडी असताना बटण दाबलं आणि म्हणाला, "बघ ताई, इथे बसून सुईत दोरा ओवशील!" मीही खुशीत आले. उजेड कमी-जास्त करायची कळ मात्र त्याने जुनी, त्या बल्बांसाठीचीच ठेवली. ती मला मानवते का, हे त्या लख्ख उन्हात कोणाला कळणार?

त्याच आठवड्यात दोघं परत येत होते. वाटेत ढग आडवे आले, मोठा वळसा पडला आणि धावपट्टीजवळ पोचेपर्यंत अंधारून आलं. ताईने मला लावलं.

समोरची काच एकदम तबकड्यांनी भरून गेली. माझा उजेड त्यांच्यावर पडत होता आणि त्यांचं प्रतिबिंब काचेवर. बाहेरचे दिवे कुठले आणि आतले कुठले, काही समजेना.

"जरा कमी कर रे."

भावाने कळ फिरवली. मी फडफडले आणि पुन्हा भक्कन पेटले. त्याने पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मला मंद होताच येईना. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

"धावपट्टी दिसत नाहीये," ताई म्हणाली. आवाज शांत होता. "बंद कर तिला."

"अगं, मग काटे कसे दिसणार?"

"मोबाईलचा टॉर्च लाव. उजेड कमी पडावा म्हणून रुमालात गुंडाळ आणि उंचीच्या तबकडीवर धर. उंची मोठ्याने वाच."

मी विझले. अंधारात त्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. "तीनशे फूट... अडीचशे... ताई, दोनशे..." ताई काचेबाहेर धावपट्टीचे दिवे शोधत होती. ते तिला सापडतील का, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. विमान थांबलं तरी दोघं जागचे हलले नाहीत.

"मी दारं उघडी ठेवून बघितलं गं," भाऊ पुटपुटला.

"आता बंद करून बघ."

दुसऱ्या दिवशी त्याने कळ बदलली. दारं लावली, विमानाच्या काचांवर ताडपत्री टाकली आणि आत बसून मला कितीतरी वेळ कमी कमी करत राहिला. आता मी हवी तेवढी मंद होते. ताई निर्धास्त आहे, मी नाही. सूर्य कलला की वाटतं, आज ही कळ दगा देणार.

ताई, तसं झालंच तर, भावाने हौसेने बसवलीय म्हणून माझी भीड धरू नकोस. आधी मला विझव.