घरात सगळे ठणठणीत

निरीक्षकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बाजारात गेलं की त्यांची नजर अजूनही आधी तराजूच्या पारड्याखाली जायची आणि मग भाजीकडे. वजनमापांच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, आतून कोरून हलकं केलेलं वजन, तळाला ठोका मारून वर उचललेलं माप, हे त्यांनी इतकं पाहिलं होतं की एखादा सरळ माणूस भेटला तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बायको म्हणायची, मी चहा दिला तरी हे आधी कपाचा तळ बघतात.

त्या खात्यात एक रीत होती. तपासणीला जायचं ते साधं गिऱ्हाईक बनून, आणि आपल्याला काय हवंय, कशासाठी हवंय, याचा सुगावा दुकानदाराला लागू द्यायचा नाही. गिऱ्हाईक अडलेलं आहे हे कळलं की दुकानदाराचा हात जड होतो, असं त्यांचे वरिष्ठ सांगायचे. निरीक्षकांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे डॉक्टरकडे गेले तरी ते दुखणं आडून आडून सांगायचे.

आता त्यांना जनरेटर घ्यायचा होता. वीज कंपनीने रस्त्याखालच्या जुन्या केबली बदलायला काढल्या होत्या आणि त्या भागात रोज दिवसाचा बराच वेळ वीज जाणार, असं जाहीर झालं होतं. दुसऱ्या कुणाला पंखा नाही म्हणून घाम आला असता, एवढंच. पण निरीक्षकांच्या बायकोची फुप्फुसं निकामी होत चालली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन होतं, त्याची लांबलचक पारदर्शक नळी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत जायची. वीज गेली की मशीन बंद. मग कोपऱ्यातला सिलिंडर. तो थोडे तास पुरायचा आणि भरून आणायचा म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागायचं.

मुलीने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं की रविवारी ती गाडी घेऊन येतेय. तोवर घरात भरवशाची सोय झाली असेल तर ठीक, नाहीतर ती आईला आपल्याकडे घेऊन जाणार. निरीक्षकांनाही ये म्हणाली, पण ते म्हणणं जरा मागाहून आलं. बायकोने फोन हातात घेतला आणि मुलीला एवढंच म्हणाली, "तुझ्याकडे मी पाहुणी म्हणून कधीही येईन. पेशंट म्हणून यायचं नाही मला."  फोन ठेवल्यावर बायको बराच वेळ खिडकीतल्या कुंड्यांकडे बघत राहिली. ते बघून निरीक्षकांनी सदरा चढवला.

दुकान मेहुण्याने सुचवलं होतं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने. त्याने न विचारता सुचवलं होतं आणि दुकानदार भला माणूस आहे असं दोनदा म्हणाला होता. एकदा म्हणाला असता तर निरीक्षकांनी सोडून दिलं असतं. दोनदा म्हटल्यावर त्यांची खात्रीच झाली की मेहुण्याला यात काहीतरी सुटतंय. तरीही ते त्याच दुकानात गेले. मेहुण्याचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही. दोघांची मिलीभगत उघडी पाडायची तर अनोळखी म्हणूनच जायला हवं होतं.

दुकान लांबट आणि अंधारं होतं. पाण्याचे पंप, फवारे, वेल्डिंगची यंत्रं आणि अगदी मागे ओळीने जनरेटर. दुकानदार पन्नाशीचा, ढेरपोट्या, चष्मा कपाळावर चढवलेला. काका या, बसा, म्हणाला आणि त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. घर स्वतंत्र आहे की इमारतीत? अंगण आहे का? वीज किती वेळ जाते? काय काय चालवायचंय? निरीक्षक प्रत्येक प्रश्नाला मनातल्या मनात उलट प्रश्न विचारत होते. अंगणाशी तुला काय करायचंय? वीज किती वेळ जाते हे कळलं की किंमत किती चढवायची ते ठरवणार. त्यांनी सांगितलं, चार दिवे, दोन पंखे, जमलं तर टीव्ही.

मग दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर आणला आणि विचारलं, "काका, घरात कुणी आजारी वगैरे नाही ना? म्हणजे दवाखान्याचं एखादं मशीन वगैरे?"

निरीक्षकांच्या मनात पाल चुकचुकली. मेहुणा बोलला असणार. नसेल तर हा माणूस पक्का मुरलेला आहे, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवतो. ते शांतपणे म्हणाले, "नाही. घरात सगळे ठणठणीत."

दुकानदार म्हणाला, मग हा घ्या, आणि त्याने एका लाल, साध्या जनरेटरवर हात ठेवला. दिवे-पंख्यांना उगाच महागातला कशाला, असंही म्हणाला. हे ऐकून निरीक्षक जास्तच सावध झाले. दुकानदार स्वस्तातला माल पुढे करतो तेव्हा त्यात काहीतरी असतंच. त्यांनी जनरेटर आडवा करून बघितला, टाकीच्या झाकणाचे आटे तपासले, पाटीवरचे आकडे वहाणेच्या टोकाने धूळ झटकून वाचले. दुकानदार म्हणाला, काका, तुम्ही याला मुलगी देताय का? निरीक्षक हसले नाहीत. जनरेटर घरी आला.

दुसरा दिवस तपासणीत गेला. निरीक्षकांनी जनरेटर अंगणात मांडला आणि कपाटातून आपलं जुनं पितळी माप काढलं, खात्याचा छाप असलेलं. पेट्रोल त्या मापाने मोजून टाकीत ओतलं. दुकानदाराने सांगितलं होतं तेवढंच टाकीत मावलं. मग एक इस्त्री लावली, मग दिवे, मग शेजारच्या शिलाईवाल्या बाईंची इस्त्री मागून आणून तीही लावली. पाटीवर लिहिलेला भार जनरेटरने तंतोतंत पेलला. शिलाईवाल्या बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, कपडे आणले असते तर तेवढ्यात माझं कामही झालं असतं.

निरीक्षकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. वरवर काही सापडत नाही याचा अर्थ लबाडी खोलवर असणार.

बायको खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "अहो, इस्त्र्या झाल्या असतील तर माझं मशीन लावून बघा की. ते कशासाठी आणलंय?"

त्यांनी लावलं. मशीन सुरू झालं, घरघरलं, आणि थोड्याच वेळात त्याच्यावरचा लाल दिवा लागून ते किंचाळायला लागलं. बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा तेच. दिव्यांकडे नीट बघितलं तेव्हा तेही हलकेच लुकलुकत होते. मघाशी ते निरीक्षकांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी तोवर भार मोजला होता, वीज कशी येते ते बघितलंच नव्हतं. घरातली वीज दुपारपासून गेलेली होती, तेव्हा बायकोची नळी त्यांनी घाईघाईने पुन्हा सिलिंडरला जोडली. काटा अर्ध्याच्या खाली होता. तिने पायांवरची चादर सारखी केली, जशी ती घाबरली की करायची. वार होता शनिवार.

निरीक्षक दुकानात गेले ते तणतणतच. त्यांना आतून एक विचित्र समाधानही होतं, शेवटी सापडलास. माल बनावट आहे, पाटी खोटी आहे, मी ग्राहक मंचात जाईन, खात्यात माझी माणसं अजून आहेत, असं सगळं ते एका दमात बोलले. दुकानदाराने स्टूल पुढे केलं. विचारलं, काय लावलं होतं?

"घरगुती उपकरण," निरीक्षक म्हणाले.

कसलं उपकरण, असं त्याने विचारलं. मोटर असलेलं, निरीक्षक म्हणाले. फ्रिज का? नाही. पंप? नाही. दुकानदाराने कपाळावरचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"काका, तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे भरवसा नसेल, कबूल. पण कुठे दुखतंय ते सांगायचं नाही आणि औषध लागू पडलं नाही म्हणून भांडायचं, हे कसं चालेल?"

निरीक्षक स्टुलावर बसले. बाहेर एक हातगाडी गेली. बायकोला खरं काय झालंय हे इतक्या दिवसांत त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. शेजाऱ्यांना ते म्हणायचे, जरा दमा आहे. बँकेत, किराणा दुकानात, कुणी विचारलं तर म्हणायचे, बरी आहे. त्यांना वाटायचं आपण सावध आहोत. आता स्टुलावर बसल्यावर त्यांना शंका आली, आणि ही शंका पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाबद्दल नव्हती.

"माझ्या बायकोला श्वास घ्यायला मशीन लागतं," ते म्हणाले. "दिवसरात्र. तिची फुप्फुसं आता बरी होणार नाहीत."

दुकानदाराने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला की साध्या जनरेटरची वीज हेलकावे खाते, इस्त्रीला त्याचं काही नसतं, पण असल्या नाजूक मशीनला ती चालत नाही. त्याला सरळ, एकसारखी वीज देणारा इन्व्हर्टर जातीचा जनरेटर लागतो. म्हणूनच काल विचारलं होतं. त्याने मागून एक छोटा, बंद पेटीसारखा जनरेटर ओढून आणला. लाल जनरेटर परत घेतो म्हणाला. आणि हा, अर्थातच, महाग होता.

इथे निरीक्षकांची खरी पंचाईत झाली. गरज सांगितली आणि दुसऱ्याच क्षणी महागडा माल पुढे आला. वरिष्ठांनी सांगितलं होतं ते अक्षरशः डोळ्यांसमोर घडत होतं. हा माणूस खरं बोलत असेल तरी हेच करेल, आणि खोटं बोलत असेल तरी हेच करेल. पितळी मापात ओतून हे कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी दुकानदाराच्या तोंडाकडे निरखून बघितलं. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, घरी या, तिच्यासमोर चालवून दाखवा, मग बघू. दुकानदाराने शटर अर्धं ओढलं आणि जनरेटर गाडीत टाकला.

अंगणात पुन्हा खटका उडाला. निरीक्षकांनी जनरेटरसाठी दाराच्या आतला बोळ रिकामा करून ठेवला होता. बाहेर ठेवला तर चोर उचलून नेतील. दुकानदाराने साफ नकार दिला. त्याच्या धुराला वास येवो न येवो, बंद जागेत तो माणसाला झोपेतच मारतो, म्हणाला. जनरेटर उघड्यावरच राहील, खिडक्यांपासून लांब, वर पत्र्याचं छप्पर करा आणि साखळीने खांबाला बांधा. निरीक्षकांच्या मनात आलं की चोरांशी याचं संधान तर नाही? पण त्यांनी खिडकीकडे बघितलं. खिडकीच्या आत ती होती. त्यांनी जनरेटर स्वतःच कुंपणाजवळ ढकलत नेला.

दुकानदार आत आला तेव्हा सिलिंडरची नळी लावलेली बाई बघून त्याने नमस्कार केला आणि नकळत बोलून गेला, "काका तर म्हणाले होते, घरात सगळे ठणठणीत."

निरीक्षक भिंतीकडे बघू लागले. बायकोने त्यांच्याकडे मान वळवली. "असं म्हणालात?" तिने विचारलं. मग दम घेत म्हणाली, "इतक्या वर्षांत कधी माझं कौतुक केलं नाहीत, आणि केलंत ते दुकानात."

जनरेटर सुरू झाला. आवाज अंगणातून आला, पण बोलणं ऐकू येईल इतपत. मशीनची वायर जोडली. हिरवा दिवा लागला. निरीक्षक म्हणाले, थोडा वेळ नुसतं चालू दे, नळी नको इतक्यात. बायको म्हणाली, सिलिंडरचा काटा बघा कुठे आलाय, आणि तिने स्वतःच्या हाताने नळी काढून मशीनला लावली.

रक्तातला ऑक्सिजन मोजायचा बोटाचा चिमटा टेबलावर होता. निरीक्षकांनी तो उचलला आणि आधी आपल्याच बोटाला लावला. आकडा बघितला. मग दुकानदाराला म्हणाले, "तुमचं बोट द्या."

"आता माझीही तपासणी?"

"माप खरं आहे की नाही हे आधी बघावं लागतं," निरीक्षक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच विनंती होती. दुकानदाराने तेलकट बोट पायजम्याला पुसून पुढे केलं. दोघांचे आकडे जुळले. बायकोला हसू फुटलं, हसता हसता तिला खोकला आला, आणि निरीक्षकांनी घाबरून चिमटा तिच्या बोटाला लावला. आकडा खाली घसरला.  अंगणातला आवाज एका सुरात चालू होता. मशीनचा दिवा हिरवाच होता. खोकला निवला तसा आकडा हळूहळू वर चढला आणि तिथे थांबला. निरीक्षक तो हलतो का ते बघत वाकून उभे राहिले, पाठ दुखेपर्यंत.

दुकानदाराने हळूच विचारलं, ठेवू की परत नेऊ?

निरीक्षकांना आणखी विचारण्यासारखं बरंच होतं. पेट्रोल कुठून घ्यायचं, बिघडला तर कोण येणार, मेहुण्याशी ओळख कशी. त्यांनी बायकोकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठांचा निळसरपणा गेला होता.

"ठेवा," ते म्हणाले. मग दारातून बाहेर गेले, मुलीला फोन लावला आणि तिला म्हणाले की उद्या गाडी घेऊन ये, पण जेवायला ये, आईला न्यायला नको. मुलीने विचारलं, दुकानदार भरवशाचा आहे ना? निरीक्षकांनी खिडकीतून आत बघितलं. माहीत नाही, ते म्हणाले, पण तुझी आई झोपली आहे.